वेळेला पेटणारी विजेरी

इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी दरड कोसळली ती रात्री, भर पावसात. खालापूर तालुक्यातल्या त्या वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेले लोक डोंगराची पायवाट चढले ते हातातल्या विजेऱ्यांच्या उजेडात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास झाला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही पहाटेचाच. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला दिवसाउजेडी धडकले, पण रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत त्याने विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावांनी पुढच्या अनेक रात्री अंधारात काढल्या. संकटांचे प्रकार वेगवेगळे, पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. नेमकी गरज असताना घरातला दिवा गेला आणि माणसाने विजेरीसाठी हात लांबवला.

त्या वेळी ती पेटते का, हा या लेखाचा विषय आहे. विजेरी बहुतेक घरांत असते. फडताळात, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, गाडीच्या डिकीत कुठेतरी ती ठेवलेली असते. तिचा एलईडी दिवा हजारो तास टिकतो, नळी वर्षानुवर्षे शाबूत राहते. दगा देतात ते आतले सेल. आणि सेल दगा देतात ते बहुतेक वेळा वापरल्यामुळे नव्हे, तर न वापरता पडून राहिल्यामुळे. म्हणून संकटकाळच्या विजेरीची निगा म्हणजे मुख्यतः तिच्या सेलची निगा.

सव्वाशे वर्षांची सोबत

फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त आणि मँगेनीज डायऑक्साइड यांवर चालणारा सेल केला. त्यात पातळ द्रव असे, त्यामुळे तो बरणीत उभाच ठेवावा लागे. १८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी त्याच रसायनाचा कोरडा सेल बनवला आणि वीज खिशात मावू लागली. डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या हातविजेरीचे अमेरिकी पेटंट मिळाले ते १८९९ मध्ये. एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे बल्ब आणि बल्बच्या मागे परावर्तक, ही तिची रचना आजही ओळखू येते.

आपल्याकडे पितळी किंवा चकचकीत पत्र्याची, दोन-तीन मोठ्या सेलची विजेरी ही शेतकऱ्याच्या, राखणदाराच्या आणि रात्री गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरांच्या हातातली वस्तू होती. तिचा बल्ब सेल उतरू लागले की पिवळा पडायचा. तो पिवळेपणा हीच सूचना असे आणि घरातले कोणीतरी बाजाराच्या दिवशी नवे सेल आणायचे.

एलईडीने हे चित्र बदलले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पांढरा एलईडी त्याच शोधातून आला. त्याच सेलवर आता कितीतरी पट जास्त वेळ उजेड मिळतो. पण पूर्वसूचना मात्र हरवली. साध्या विजेरीत सेल जवळजवळ संपले तरी एलईडी मिणमिणत राहतो, त्यामुळे ‘अजून चालते आहे’ असे वाटून ते सेल तसेच आत राहतात आणि पुढे पाझरतात. महागड्या विजेरीत उजेड एकसारखा ठेवणारा परिपथ असतो. ती जवळजवळ शेवटपर्यंत लख्ख जळते आणि मग एकाएकी मंदावते. दोन्हींत डोळ्याला दिसणाऱ्या उजेडावरून सेलची खरी अवस्था कळत नाही. एलईडीच्या काळात तारीख लावून तपासणी करणे अपरिहार्य झाले ते यामुळे.

सेल पडून का उतरतो

माठातले पाणी कोणी न पिताही कमी होते, तसा सेलही न वापरता उतरतो. आतली रासायनिक क्रिया पूर्ण थांबत नाही, ती मंद गतीने चालूच राहते. तापमान वाढले की तिचा वेग वाढतो. ढोबळ हिशेब असा की दर १० अंश सेल्सियसला तो जवळपास दुप्पट होतो. २५ अंशांच्या खोलीत पाच वर्षे टिकणारा सेल विदर्भातल्या पत्र्याच्या छपराखाली किंवा मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तितका टिकणार नाही. कोकणात उष्णतेच्या जोडीला दमट हवा असते. तिथे सेलपेक्षा आधी विजेरीची स्प्रिंग आणि संपर्कपट्ट्या गंजतात.

सेल फ्रिजमध्ये ठेवावेत, असा एक समज आहे. थंडीत क्रिया मंदावते हे खरे, पण बाहेर काढल्यावर सेलवर दव धरते आणि तो ओलावा टोकांवर गंज आणतो. आजच्या सेलचा साठवणकाळ मुळातच मोठा असल्याने या उपद्व्यापातून काही मिळत नाही. घरातली सर्वांत थंड, कोरडी आणि सावलीची जागा पुरेशी आहे. स्वयंपाकघरातला गॅसजवळचा खण आणि खिडकीतले ऊन येणारे कपाट तेवढे टाळावे.

दुसरा जुना प्रघात म्हणजे उतरलेले सेल उन्हात ठेवणे. त्याने सेल थोडा वेळ तरतरीत होतो, कारण उष्णतेने आतली क्रिया जोर धरते. नवी वीज त्यात येत नाही. झिजलेल्या जस्ताच्या भांड्याला ऊन दिले की पाझर मात्र लवकर सुरू होतो.

कोणता सेल, कशी निगा

सगळ्या सेलना एकच नियम लावणे ही या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे. प्रत्येक रसायनाची गरज वेगळी आहे, काहींची तर परस्परविरुद्ध.

साधा झिंक-कार्बन सेल सर्वांत स्वस्त आणि किराणा दुकानातही मिळणारा. त्याचे जस्ताचे भांडे हेच त्याचे ऋण टोक असते आणि वीज देताना तेच झिजत जाते. म्हणून संपत आलेला सेल फुटून पाझरण्याची शक्यता मोठी. साठवणीत तो दोन-तीन वर्षे बरा राहतो. रोज हाताळल्या जाणाऱ्या विजेरीला तो चालतो, कारण तो संपला की लगेच कळते. वर्षभर विसरून जायच्या विजेरीत तो ठेवू नये.

अल्कलाइन सेल त्याच आकाराच्या साध्या सेलपेक्षा दोन-तीन पट वीज देतो आणि पाच ते दहा वर्षे साठवता येतो. पण तोही पाझरतो. त्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर आला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पांढरे खडे धरतात आणि विजेरीची नळी आतून खाल्ली जाते. पूर्ण उतरल्यावर आत राहिलेल्या सेलमध्ये वायू साठतो, हे पाझराचे मुख्य कारण. दुसरे कारण म्हणजे नव्या-जुन्या सेलची सरमिसळ. एकापुढे एक लावलेल्या तीन सेलमधला एक आधी संपला, तर उरलेले दोघे त्याच्यातून उलट्या दिशेने वीज रेटतात आणि तो फुटतो. म्हणून सगळे सेल एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि एकाच दिवशी बदललेले असावेत. एक संपला म्हणून एकच बदलणे हे काटकसरीचे वाटते, पण त्यात अख्खी विजेरी जाते.

पुन्हा न भरता येणारा दीड व्होल्टचा लिथियम सेल पेन्सिल सेलच्या आकारात मिळतो. किंमत अल्कलाइनच्या कितीतरी पट. पण तो १० वर्षे आणि त्याहून अधिक टिकतो, वजनाला हलका असतो, पाझरण्याची शक्यता फार कमी आणि शून्याखालच्या थंडीतही तो काम देतो. हिमालयात जाणाऱ्या गिर्यारोहकांना याचे महत्त्व माहीत आहे, कारण तिथे अल्कलाइन सेल गारठून निम्म्याहून कमी वीज देतात. वर्षानुवर्षे हात न लागणाऱ्या विजेरीसाठी आजघडीला याहून निर्धोक सेल नाही.

पुन्हा भरता येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो. त्याचा जुना प्रकार महिन्याभरात पाव हिस्सा वीज आपोआप गमावतो, म्हणून संकटकाळासाठी तो निरुपयोगी. २००५ मध्ये जपानच्या सान्योने आणलेल्या एनेलूपपासून कमी गळतीचे सेल मिळू लागले. वर्षभरानंतरही त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश वीज उरते. रोज विजेरी वापरणाऱ्या घरासाठी ते उत्तम आहेत. ते चार्जरमध्ये टाकताना मात्र साधे किंवा अल्कलाइन सेल चुकून सोबत जाऊ देऊ नयेत, ते तापून फुटू शकतात.

राहिले दोन प्रकार, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. भिंतीतल्या सॉकेटला लावून भरायच्या स्वस्त विजेऱ्यांत आणि घरगुती इमर्जन्सी दिव्यांत पुष्कळदा ४ किंवा ६ व्होल्टची बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी असते. ती नेहमी पूर्ण भरलेली ठेवावी लागते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग ती वीज धरत नाही. दिवाळीनंतर कपाटात टाकलेला दिवा जूनमध्ये लागत नाही, याचे कारण बहुधा हेच. तिला दर दोन-तीन महिन्यांनी भरले पाहिजे आणि वापर झाला की त्याच दिवशी भरले पाहिजे. उलट, भरल्यावर वीज आपोआप न तोडणारा स्वस्त दिवा कायम प्लगला लटकवून ठेवला, तर बॅटरी आतून सुकते. पुस्तिकेत दिलेले तास संपले की प्लग काढावा.

लिथियम-आयनचा स्वभाव याच्या नेमका उलटा. १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना त्याच्या घडणीसाठी मिळाले. पूर्ण भरून, गरम जागी ठेवलेला हा सेल लवकर म्हातारा होतो. साधारण २५ अंशांत पूर्ण भरून ठेवला तर वर्षात क्षमतेचा पाचवा हिस्सा कायमचा जाऊ शकतो. ४० टक्के भरून ठेवला तर ही घट चार-पाच टक्क्यांवर राहते. त्याला पूर्ण उतरू देणे तर धोक्याचेच. अडीच व्होल्टच्या बरेच खाली फार दिवस राहिला की आतले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते.

मग संकटकाळची विजेरी अर्धी भरून ठेवायची का? इथे सेलचे आयुष्य आणि आपली गरज यांच्यात निवड करावी लागते आणि निवड गरजेच्या बाजूनेच झाली पाहिजे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती भरलेली ठेवावी. पाऊस सरल्यावर ६०-७० टक्क्यांवर आणून तिथेच राखावी. सेल वर्ष-सहा महिने आधी बदलावा लागला तरी तो तोटा परवडतो.

लिथियम-आयन विकत घेताना आकड्यांना भुलू नये. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा प्रचलित सेलची खरी क्षमता बहुधा २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. त्याच आकारावर ९,९०० लिहिलेले असेल तर तो खोटेपणा आहे, आणि ज्याने आकडा खोटा छापला त्याने सुरक्षेची काळजी घेतली असेल असे मानायला जागा नाही.

आत ठेवावेत की बाहेर?

हा या विषयातला खरा वाद. सेल बाहेर काढून ठेवले तर पाझरले तरी विजेरी वाचते, चुकून कळ दाबली जाऊन वीज संपत नाही. पण अंधारात, घाबरलेल्या हाताने, धन-ऋण टोके ओळखून सेल भरणे सोपे नसते. वृद्ध माणसाला किंवा मुलाला तर ते जवळजवळ अशक्य.

माझे मत असे. घरातली एक विजेरी सेलसह, कायम तयार असावी आणि ती दर महिन्याला पेटवून पाहिली जावी. दुसरी राखीव असावी. तिचे सेल मूळ वेष्टनात, झाकणाच्या डबीत, विजेरीलाच बांधून ठेवावेत. खिळे, किल्ल्या, नाणी यांच्यात सुटे सेल कधीही टाकू नयेत, टोके जोडली गेली की ते तापतात. विजेरीचे मागचे झाकण पाव फेरा सैल ठेवणे हाही एक चांगला उपाय आहे. अनेक धातूच्या विजेऱ्यांत त्याने परिपथ तुटतो, चुकून दिवा लागत नाही आणि इलेक्ट्रॉनिक कळ गुपचूप ओढत असलेली वीजही वाचते. अंधारात तेवढे झाकण आवळायला कोणालाही जमते. सैल झाकणातून पाणी आत शिरते, म्हणून पावसात नेताना ते पक्के आवळावे.

मोबाइलचा दिवा असताना विजेरी कशाला, असे विचारले जाते. निसर्ग वादळानंतर कोकणात वीज नव्हती आणि मोबाइलही अनेक ठिकाणी मुके होते. अशा वेळी फोनमधली उरलीसुरली वीज निरोपासाठी राखायची असते. सौर कंदील चांगला, पण जुलैच्या ढगाळ दिवसांत तो पुरेसा भरत नाही. हाताने फिरवून पेटणारी विजेरी जवळ असावी. तिच्याही आत बहुधा छोटी बॅटरी असते आणि ती पडून मरते, म्हणून तिचाही दांडा अधूनमधून फिरवला पाहिजे.

पाझर झाला तर

आधी हातमोजे आणि चष्मा. सेल काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत. अल्कलाइनचे पांढरे खडे कापसावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसले की निघतात, कारण ते अल्कधर्मी असतात. साध्या झिंक-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, तिथे खायच्या सोड्याचे पाणी वापरावे. मग ओलसर फडक्याने पुसून विजेरी पूर्ण वाळवावी आणि स्प्रिंग व पट्ट्या खोडरबराने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत कराव्यात. पाझर डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जावे. फुगलेला लिथियम-आयन सेल मात्र दुरुस्त करायचा नसतो. तो भरू नये, दाबू नये, टोचू नये.

लहान मुलांच्या घरात आणखी एक दक्षता हवी. किल्लीला लावायच्या चिमुकल्या विजेऱ्यांत बटन सेल असतात. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वापरलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. २००१ चे नियम फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्यांपुरते होते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या साठवाव्यात आणि संकलन केंद्रात किंवा ई-कचरा मोहिमेत द्याव्यात.

दिवस ठरवा, माणूस ठरवा

हे सगळे कळूनही विजेऱ्या पेटत नाहीत, कारण तपासणी हे कोणाचेच काम नसते. त्यासाठी आपल्या घरी आधीपासून पाळले जाणारे दिवस वापरावेत. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोट भरतात. तांदूळ, मीठ, सुकी मासळी यांच्या यादीत सेलचे एक पाकीट लिहावे आणि त्याच दिवशी विजेरीतले सेल बदलावेत. घरातल्या सेलवरची तारीख पाहावी आणि बदलल्याचा महिना-वर्ष चिकटपट्टीवर लिहून विजेरीला लावावे. दर अमावास्येला विजेरी निदान पाच मिनिटे जळती ठेवावी. नुसती कळ दाबून पाहण्याने अशक्त सेल उघडा पडत नाही, भार पडला की पडतो. खंडेनवमीला अवजारे पुसतो तेव्हा विजेरी उघडून तिचे संपर्कही साफ करावेत. काढलेले पण न संपलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात आणि रिमोटमध्ये चालतात, त्यामुळे काहीच वाया जात नाही.

जागाही ठरलेली हवी. भूकंपप्रवण भागात विजेरी आणि चपला उशाशी असाव्यात. गॅसचा वास येत असेल तर विजेरी घराबाहेर पेटवून मग आत शिरावे, कारण कळीची ठिणगीही पुरते.

ज्यांच्यासाठी विजेरी ही संकटाची नव्हे तर रोजची गरज आहे, त्यांना शेवटी विसरून चालणार नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून अंधारात पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाशी नाग, घोणस, मण्यार असतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. दिवसा वीज हा त्यावरचा खरा उपाय, आणि तो होईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात भरवशाची विजेरी असलीच पाहिजे. ग्रामपंचायतींनी, शाळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी आपल्या आपत्ती साहित्यातल्या विजेऱ्या वर्षातून दोनदा, नावनिशीवार जबाबदारी देऊन तपासाव्यात. आणि आपण प्रत्येकाने आपल्या घरातली विजेरी आजच काढावी, सेल पाहावेत, पाच मिनिटे पेटवून ठेवावी आणि पुढच्या तपासणीचा दिवस दिनदर्शिकेवर लिहावा.